तीनशे बाराचे एकतीस

३ एप्रिल ८९, सोम.

लॅबमध्ये सकाळी आठ ते अकरा, रक्ताची बावन्न सँपल. प्रिंटर एकदाही रुसला नाही. डॉ. वेटिंगमधल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "हा सगळा प्रोग्राम आमच्या या अरुणचा. इंजिनिअरिंग अर्धवट सोडलंय, पण डोकं आहे." पहिलं वाक्य बोलून थांबले असते तर काय बिघडलं असतं?

सुजाता मशीनमध्ये ट्यूबा लावून राहिली होती. मान न वळवता म्हणाली, "काय गा कॉम्प्युटरवाले, तुह्या डब्यानं आज किती खाल्ले?"

"काय खाल्ले?"

"रिपोर्ट. सतरा नंबर आलाच नाही. पुन्हा लावला मी."

मी म्हटलं, ट्यूब नीट बसली नसेल.

"हो ना. चुकन तर माही ट्यूब चुकन. तुहा डबा म्हणजे तर देव." आणि हसली.

त्या हसण्यावर दिवस काढला. धंतोलीत एवढे दवाखाने, एवढ्या नर्सा, टेक्निशियन. मला नेमकी हीच काहून सापडावी?

५ एप्रिल, बुध.

जिंकलो आज. रक्ताच्या मशीनच्या अंगात कागदाची एक पट्टी आहे, प्रत्येक आकडा तिच्यावरही उमटतो. रोल मुंबईहून येतो, महिना महिना वाट पाहावी लागते. डॉ. विचारत होते, कॉम्प्युटर आल्यावर पट्टी लागतेच का. सु. म्हणाली, "राहू द्या सर, अडीअडचणीले बरी." मी मध्येच तोंड घातलं. म्हटलं केबलमधून अक्षर न् अक्षर येतं, तेच दोनदा कशाला छापायचं? डॉ.नी रोल काढून कपाटात ठेवला. तिची हाताने लिहायची वही तर मागच्याच महिन्यात बंद झाली आहे.

ती म्हणाली, "बरं आहे. म्हणजे आता डबा सांगन तेच खरं."

बरोबरच आहे. तेच खरं.

९ एप्रिल, रवि.

बाबांच्या पोस्टातले कोणी आले होते. "मुलगा काय करतो?" बाबा म्हणाले, "धंतोलीत कॉम्प्युटरवर आहे." कॉलेजचा क काढला नाही. दीड वर्ष झालं, माझ्याशीही काढत नाहीत. सरांनी प्रॅक्टिकलची वही खिडकीतून फेकली, मी खाली जाऊन उचलून आणली, त्यांच्या टेबलावर आपटली आणि निघून आलो. एवढीच गोष्ट. बाबा परत जा म्हणाले असते तर भांडता आलं असतं. म्हणतच नाहीत.

दुपारी सु.ला पत्र लिहायला बसलो. फाडलं. घरात हे कळलं तर आई पहिलं काय विचारेल ते पाठ आहे. आडनाव काय तिचं? मग आई गप्प होईल, बाबा पेपर वाचतील. माझ्या घरात भांडण होतच नाही. भिंती होतात.

११ एप्रिल, मंगळ.

बर्डीच्या बाजारातून तर्री पोहे आणले, वर लालभडक रस्सा, दोन पुडे. ती म्हणाली, "इतकी तर्री? मारतं का मले?" आणि सगळे खाल्ले. घाम पुसत खाल्ले.

१४ ला बाबासाहेबांची जयंती, तिची सुट्टी. दरवर्षी असते. इंदोरा वस्तीतल्या त्यांच्या गल्लीत जेवण असतं, भाजीचं काम तिच्याकडे. बोलता बोलता म्हणाली, "येशीन का गा तू?"

मी म्हटलं येतो.

"येतो म्हणून नाही आला तर पुढच्या वर्षीपासून डब्यालेच बोलवतो मी."

बोलावलं. तिनं. स्वतःहून. गल्ली कोणती ते विचारलंच नाही. विचारायला हवी. दोन दिवस आहेत.

१३ एप्रिल, गुरु.

काय लिहू.

उद्या बंद म्हणून आज झुंबड. सत्तरच्या वर सँपल. प्रिंटर सारखा चालू. उमरेडच्या एका विणकरानं आईला आणलं होतं, शेजारच्याच दवाखान्यात भरती केलेली. चक्कर, घाम. आमचा रिपोर्ट गेला: शुगर ३१, भलतीच कमी. तिथल्या डॉक्टरनं ताबडतोब ग्लुकोज लावलं. दुपारपर्यंत म्हातारी शुद्धीवर नाही. दुसरीकडे तपासलं तर चारशेच्या वर. म्हणजे सकाळीही तीनशेच्या पुढेच असणार, आणि आम्ही एकतीस सांगितले, आणि त्यांनी वरून साखर ओतली.

मुलगा आला तो ओरडतच. "मारून टाकता का गा माह्या मायले?" काउंटरवर हात आपटत होता. वेटिंगमध्ये पंचवीस-तीस माणसं. डॉ. बाहेर आले. आम्हा दोघांना तिथेच विचारलं, सगळ्यांसमोर.

सु. म्हणाली, "सर, ट्यूब बरोबर होती. मी दोनदा नाव पाहिलं. आकडा डब्यात बिघडला असन."

असन म्हणाली फक्त. माझं डोकं फिरलं. पंचवीस माणसांसमोर माझ्या प्रोग्रामला नाव ठेवलं. मी म्हणालो, "प्रोग्राम चुकत नाही. लक्ष दुसरीकडे असेल यांचं. उद्या जयंती आहे ना यांची."

यांची. असं म्हणालो. मोठ्यांदा म्हणालो.

तिनं हातातली ट्यूब जागेवर ठेवली. कोट काढला, खुंटीला लावला. डॉ. म्हणाले, पुढचं सांगेपर्यंत येऊ नका. रिपोर्टवर सही तिची आहे.

१४ एप्रिल, शुक्र.

गेलो नाही. सायकल काढली, निळे झेंडे दिसायला लागले तिथवर गेलो. ट्रकवर पोरं गाणी म्हणत होती. एका बाईनं मला ओळखपाळख नसताना सरबताचा ग्लास दिला, "घे भाऊ, ऊन हाय." प्यालो. परत फिरलो.

१५ एप्रिल, शनि.

दुपारी मशीन मोकळं होतं. चाळीस ट्यूबा लावून पाहिल्या, एकेक करून. चाळीसच्या चाळीस बरोबर. मशीनच्या छोट्या काचेवर जो आकडा, तोच कागदावर. म्हणजे चूक तिचीच. झालं.

झालं म्हणून बरं वाटायला पाहिजे होतं.

१७ एप्रिल, सोम.

ती नाही म्हणून डॉ. स्वतःच ट्यूबा लावून राहिले. साडेनऊला प्रिंटरचा कागद अडकला. तो काढून बसवेपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली. मशीन कोणासाठी थांबत नाही, ते पाठवतच असतं. प्रिंटर चालू झाला आणि एक रिपोर्ट निघाला: युरिया ४.

डॉ. म्हणाले, "चार कसा असेल रे?" मी काचेवर पाहिलं. त्याच नंबरासमोर ४२.

कागद फाडून काचेशी धरला. ४, ४२.

इथे नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच मला फसवीन. एका पेशंटची एक ओळ: नंबर, तपासणी, आकडा. दोन ओळींच्या मध्ये मशीन एक खूण पाठवतं. माझा प्रोग्राम केबलच्या तोंडाशी जातो, तिथे जे जमलं असेल ते उचलतो, खूण दिसेल तिथे तोडतो आणि उरलेलं शेपूट हीसुद्धा पूर्ण ओळ समजतो. निवांत असलं की एका खेपेला एकच ओळ हाती येते, म्हणून मला वाटलं उचललेलं म्हणजे ओळ. पण सकाळी प्रोग्राम छापण्यात अडकलेला. तोवर मागे साठतं. मग हाती येतं ते दीड ओळ, अडीच ओळी, जिथवर आलं असेल तिथवर. ४२ मधला ४ या खेपेला. २ पुढच्या.

आणि तो २ कुठे गेला? त्याच्यापुढे पेशंटचा नंबर नव्हता. असल्या तुकड्याचं काय करायचं ते मीच फेब्रुवारीत लिहून ठेवलंय: कचरा, टाकून दे. केबलमध्ये कधी कधी खरखर येते म्हणून. मोठा हुशार.

म्हातारीचे ३१२ होते. किंवा ३१५, ३१९. शेवटचा आकडा मी फेकला. तिचा सतरा नंबरही मीच खाल्ला होता, ओळ सुरुवातीलाच तुटली की दोन्ही तुकडे कचऱ्यात. ती रोज सांगत होती. हसत सांगत होती.

शनिवारी चाळीस ट्यूबा एकेक करून लावल्या. गर्दीच नव्हती, तर तुटणार कसं? मला ते कळत नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं

१८ एप्रिल, मंगळ.

शेपटासाठी वेगळी जागा केली. खूण आलेली नसेल तर ते ओळ म्हणून वापरायचं नाही, बाजूला ठेवायचं, पुढच्या खेपेचं त्याच्या मागे जोडायचं. सहा ओळींचं काम. सहा ओळी. सकाळच्या गर्दीत मुद्दाम दोनदा प्रिंटर बंद करून पाहिला. एकही आकडा तुटला नाही.

दुपारी डॉ.ना सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं. मग: "आता दुरुस्त झालं ना?"

"हो. पण सुजाताची चूक नव्हती सर."

"सही तिची आहे."

"आकडा माझा होता."

डॉ.नी चष्मा काढला. "हे बघ अरुण. मशीन चुकलं असं बाहेर गेलं तर उद्यापासून इथला एकही रिपोर्ट कोणी मानणार नाही. माणूस चुकलं तर माणूस बदलता येतं. शनिवारी दोन दवाखान्यांचे लोक प्रोग्राम बघायला येणार आहेत. आणि तो उमरेडवाला पोलिसात गेला तर त्याला कोणाचं नाव सांगू? तुझं?"

 एरवी कोणी वही फेकली तर आपटतो. आज आपटायला काही सापडलं नाही.

घरी बाबा म्हणाले, "शनिवारी कोणी मोठे डॉक्टर येऊन राहिले म्हणे?" माझ्यासाठी शर्टाचं कापड घेऊन आले होते.

२० एप्रिल, गुरु.

नवीन भानगड. काल शेवटच्या पेशंटचा रिपोर्ट निघालाच नाही. तो बसून बसून गावी निघून गेला. आज सकाळी पहिली ट्यूब लागली आणि कालचा माणूस छापून बाहेर आला! मंगळवारचा शेवटचाही असाच बुधवारी आला असणार, कोणाच्या लक्षात आलं नाही.

शोधलं. मशीन खूण ओळीच्या शेवटी पाठवत नाही, पुढच्या ओळीच्या आधी पाठवतं. पुढची ओळ आली तरच आधीची पुरी. दिवसाच्या शेवटच्या माणसाच्या पुढे कोणी नसतं. तो सबंध आलेला असतो, एक अक्षर कमी नाही, आणि माझ्या त्या नव्या जागेत रात्रभर कोंडलेला.

मग असं केलं: काही सेकंद काहीच आलं नाही तर ओळ पुरी धरायची. किती सेकंद? दोन धरले तर मशीन मध्येच अडखळलं की पुन्हा अर्धी ओळ पुरी ठरेल. तीस धरले तर प्रत्येक वेळी माणूस ताटकळतो. पाच धरले. पाचच का, याला उत्तर नाही.

संध्याकाळी शेजारच्या दवाखान्यात गेलो. म्हातारी बसून भात खात होती. जिवंत आहे. भिंतीला टेकून उभा राहिलो. मुलानं ओळखलं. काउंटरवर ओरडला होता त्याची त्यालाच लाज वाटत होती, मला स्टुलावर बसवलं. म्हातारी म्हणाली, "कोण हाय गा हा?"

"लॅबवाला हाय माय. पाहाले आला तुले."

"वाळून गेला बापा. जेवत नाही का?"

मुलगा मला म्हणाला, "त्या बाईले काढलं म्हणते डॉक्टर. बरं झालं. असे लोक नाही पाहिजे अशा जागी."

असे लोक. माझंच 'यांची' ते, फक्त फिरून आलं. सांगायला तोंड उघडलं. म्हातारीनं हातावर गुळाचा खडा ठेवला, स्वतःला चालत नाही म्हणून. घेतला आणि उठलो.

२२ एप्रिल, शनि.

त्या दोन दवाखान्यांचे लोक आले, प्रोग्राम पाहिला, वाहवा केली. एकानं विचारलं, "चुकतो का कधी?" डॉ.नी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही सर."

नवा शर्ट पाठीला चिकटला होता. डॉ. म्हणाले, जूनपासून दोन्ही ठिकाणी तूच बसव. बाबांना सांगितलं. त्यांनी दीड वर्षात पहिल्यांदा खांद्यावर हात ठेवला. तो हात काढा असं कसं म्हणायचं?

२३ एप्रिल, रवि.

इंदोऱ्याला गेलो. विचारत विचारत. तिच्या आईनं पाणी दिलं, खुर्ची दिली, मी कोण ते विचारलं. सु. आतून म्हणाली, "लॅबमधला हाय." आई आत गेली ती गेलीच. तिला माहीत होतं.

मी सगळं सांगितलं. ओळ, तुकडा, कचरा. ती ऐकत होती, मेथी निवडत. मध्ये एकदाच विचारलं, "माहा सतरा नंबरही?"

"तोही."

"हं."

मग मी म्हणालो, माझं चुकलं. ती म्हणाली, "कोणतं?"

"प्रोग्राम."

"ते मशीनचं झालं. मशीन चुकतेच गा. माह्याही हातून ट्यूबा फुटल्या हायेत. मी ते विचारून नाही राहिली."

 तिनं मेथी बाजूला ठेवली.

"तू जे बोलला ते तुले आठवते का?"

"आठवते."

"मग म्हण."

म्हणता येईना. त्या दिवशी कसं फटकन निघालं. 

ती म्हणाली, "इथं नको म्हणू. इथं म्हटलं त माही मायच ऐकन, आणि तिनं लय ऐकलं हाय जन्मभर. बुधवारी नऊ वाजता मी माहं सामान न्यायले येणार आहो. कोट, चप्पल, जेवणाचा डबा. तेव्हा वेटिंग भरलेली असते. जितक्या लोकांसमोर बोलला, तितक्या लोकांसमोर कागदावर लिहून आणून वाच. दोन्ही. मशीनचं आणि ते."

"नोकरी जाईन माही."

"माही गेली ना."

निघताना पायात चप्पल घालत होतो. मागून म्हणाली, "चवदा तारखेले तुह्यासाठी ताट ठेवलं होतं मायनं. तवापर्यंत तिले मी सांगितलं नव्हतं काही."

मी काय बोलणार होतो आणि काय घेऊन गेलो होतो. खिशात पत्र होतं. फाडलेलं पुन्हा लिहिलेलं, माफीचं नाही. ते तसंच परत आणलं.

२५ एप्रिल, मंगळ.

मशीनचं लिहून झालं, एक पान, सोपं करून. दुसरं होत नाही. "रागाच्या भरात अनुचित बोललो." खोडलं. यात काय बोललो ते कुठे आहे? "त्यांच्या समाजाबद्दल." खोडलं. जसं बोललो तसंच लिहायला पाहिजे, 'यांची'सकट. पाच कागद गेले.

बाबांना जेवताना सांगितलं. सगळं. त्यांनी ताट सरकवलं नाही, ओरडले नाहीत. विचारलं, "ती मुलगी... फक्त टेक्निशियन आहे ना?"  आई भाकरी थापायची थांबली. भिंत उभी राहताना दिसली मला, वीट वीट.

आजही पत्र फाडलं नाही. देणार कधी? आता दिलं तर वाटेल की माफीची किंमत मागतो आहे. नाही दिलं तर

२६ एप्रिल, बुध.

नऊला ती आली. वेटिंग भरलेली. डॉ. अजून यायचे होते. मी काउंटरवर उभा राहिलो, कागद काढला. पहिल्या पानाला लोक पंखे हलवत होते. दुसऱ्या पानाला पंखे थांबले. "लक्ष दुसरीकडे असेल यांचं, उद्या जयंती आहे ना यांची, असं मी सुजाताबाईंना तेरा तारखेला इथं, तुमच्यासारख्या लोकांसमोर म्हणालो. त्यांचं लक्ष कामात होतं. माझं नव्हतं." आवाज फाटला. एक म्हातारे गृहस्थ मागून म्हणाले, "जोरात वाच ना गा, ऐकू नाही आलं." पुन्हा वाचलं. पूर्ण. पहिल्यापासून.

मग एक बाई म्हणाली, "झालं का भाऊ? उपाशी हावो आम्ही. रक्त कोण घेणार?"

सु. खुंटीपाशी गेली. मला वाटलं कोट पिशवीत घालेल. तिनं अंगात घातला. माझ्या हातातले दोन्ही कागद घेतले, वाचले, घडी करून कोटाच्या खिशात ठेवले. "पहिला नंबर कोणाचा हाय?"

दहाला डॉ. आले. कोणीतरी जिन्यातच सांगितलं असावं. तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चाळीस माणसांकडे पाहिलं. म्हणाले, "पेशंट संपवा. पाच वाजता दोघंही केबिनमध्ये या." दार लावून घेतलं.

आत्ता सव्वाचार. रक्ताच्या ट्यूबा फिरत्या यंत्रात गरगर फिरून राहिल्या, दहा मिनिटं आहेत म्हणून हे लिहितो. कॉम्प्युटर तिनं सकाळीच बंद केला, मला न विचारता. काचेवरचा आकडा ती वाचते, मी वहीत लिहितो आणि मोठ्यानं परत म्हणतो. मग ती पुढचा सांगते. सकाळपासून हेच. एकशे दहा. एकशे दहा. अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव. 

अकरा पेशंट राहिलेत. केबिनचं दार बंदच आहे.

ती म्हणते आहे, "ठेव ते. ट्यूबा निघाल्या. लिही."